चुलीमागची जोडी

मोडलेली कमान घरी आली ती वखारवाल्याच्या खांद्यावरून. त्यानं ती अंगणात धाडकन टाकली आणि म्हणाला, "घ्या. तुमची करणी तुम्हीच बघा."

आक्का दारात दाणे निवडत बसली होती. तुकडे बघितले आणि तिची बोटं दाण्यांतच थांबली. त्याच जोडीतली डावी कमान होती ती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय व्हायचं राहिलंय? ओंडका घसरला आणि शिट्टीच्या पायावर गेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. जीव वाचला हेच नशीब."

शिट्टी म्हणजे वखारीचा गाडीवान. त्याला खरं नाव होतं, पण ते त्याच्या आईलासुद्धा आठवून सांगावं लागे. हातात चाबूक नाही की काठी नाही. दोन ओठ आवळले, शीळ घातली की त्याची तांबडी घोडी डोंगर उपटायला निघायची. हे दोघं रानातले तोडलेले ओंडके ओढून वखारीपर्यंत आणायचे. वाटेत एक चढ होता, कोसाभराचा नाही, चाळीस पावलांचाच, पण असा उभा की माणूस रिकाम्या हातानं चढला तरी पिंढऱ्या भरून याव्यात.

घोड्यानं ओढायचं म्हणजे काही नुसतं दोर बांधून भागत नाही. आधी गळ्यात चामड्याची जाड गादी. गादीच्या दोन्ही अंगांना दोन लाकडी कमानी, वर आणि खाली पट्ट्यांनी आवळलेल्या. कमानीला लोखंडी कडी, कडीला साखळी, साखळीला ओंडका. सगळा भार त्या दोन कमानींवर. आणि त्या कमानी करणारं आख्ख्या पंचक्रोशीत एकच घर होतं, आक्काचं. तिचा नवरा सुतार, लाकडाचं काम त्याचं. तिचा धाकटा भाऊ लोहार, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा भाता, लोखंडाचं काम त्याचं. वीस वर्षं असंच चाललेलं. भाऊ तिला आक्का म्हणायचा, म्हणून सगळी वस्ती आक्का म्हणायची. नवरा सोडून. तो "अगं" म्हणायचा आणि त्यातच भागवायचा.

सुतार रंधा ठेवून बाहेर आला. उकिडवा बसला, दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले, मोडल्या जागी अंगठा फिरवला. तापातून उठून त्याला महिना झाला होता, पण गालफडं अजून आतच होती.

"कडीच्या भोकातून मोडलीय," तो म्हणाला. "बघा, भोक आतून काळं. गिरमिटानं पाडायचं सोडून तापली सळई खुपसलीय मेव्हण्यानं. जळलेलं लाकूड टिकेल कसं?"

"मला लाकूड-लोखंड काही सांगू नका," वखारवाला म्हणाला. "बारा जोड्या सांगितल्यात, दोन दिल्यात, त्यातली एक ही अशी. पंधरा दिवस देतो. त्याच चढावर, त्याच घोडीच्या गळ्यात न मोडणारी जोडी दाखवा. नाही जमलं तर शहरातून ओढायचं यंत्र आणतो. मग बसा रंधा चाटत!"

तो गेला. आक्काच्या सुपातले दाणे तसेच राहिले.

आता तुकडे बघून तिची बोटं का थांबली, ते सांगायला हवं. कमानीसाठी लाकूड तोडून आणलं की सुतार त्याचे कच्चे तुकडे माळ्यावर सावलीत ठेवी. एक ऋतू गेला की तुकड्याच्या टोकाला सुरीनं एक खाच. पावसाळ्याची एक, हिवाळ्याची एक, उन्हाळ्याची एक. तीन खाचा भरल्या की लाकूड कामाला आलं. त्याआधी देव जरी मागायला आला तरी सुतार द्यायचा नाही. पण तो तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळला, आणि वखारवाला रोज दारात येऊन ओरडायला लागला. तीन खाचांचे तुकडे बघायला आक्का माळ्यावर चढली तर हाताशी एकच जोडी, तीही भुंग्यानं पोखरलेली. बाकीच्यांना एकेकच खाच.

तिनं एका खाचेची जोडी खाली आणली. चुलीमागं उभी केली. अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ उलटीपालटी केली, लेकराची कूस बदलावी तशी. बाराव्या दिवशी लाकूड हाताला खडखडीत लागलं. मग तिनं भाजीच्या सुरीनं दोन खाचा आणखी पाडल्या आणि जोडी नवऱ्याच्या कामाच्या जागी ठेवून दिली. वाईट मनात होतं का? छे! काम हातचं जाऊ नये, एवढंच. अशक्त नवरा उठला, खाचा मोजल्या, कामाला लागला. चुलीच्या आचेनं लाकूड वरून वाळतं आणि आत तडकतं, हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. सुतारणीला कसं ठाऊक नसेल? अकरा दिवस हलक्या आचेवर ठेवलं तर चालेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

संध्याकाळी भाऊ आला. मोडका तुकडा उलटासुलटा करून म्हणाला, "दाजी, लाकूडच फुसकं होतं तुमचं. माझ्या लोखंडाला ओरखडा तरी आहे का बघा."

"तीन खाचांचं लाकूड होतं! मी मोजून घेतलंय."

"मग मोजता येत नाही म्हणायचं."

"आणि तुला भोक पाडता येत नाही. आळशी! गिरमिटाला धार लावायचा कंटाळा, म्हणून सळई खुपसतो."

"दाजी, तोंड सांभाळा."

"माझ्या दारात उभा राहून मलाच शिकवतोस?"

आक्का मध्ये उभी. दोघांपैकी कुणीही तिच्याकडे बघितलं असतं तर तिच्या तोंडावर सगळं वाचता आलं असतं. पण भांडणाऱ्या पुरुषांना मधल्या बाईचं तोंड कधी दिसतं? भाऊ तरातरा निघून गेला. ती मूग गिळून आत गेली आणि चूल पेटवायला बसली.

ढलपीच्या टोपलीत तिला ते सापडलं. कमान घडवून झाली की सुतार खाचांचं टोक कापून टाकी आणि ती टोकं चुलीत जात. हे टोक मात्र अजून तिथंच होतं, बोटभर लांबीचं. एक खाच जुनी, मळकट. दोन पांढऱ्याफटक. तिनं ते चुलीत घातलं नाही. घालायला गेली की हात मागं यायचा. पिठाच्या डब्यामागं सारून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून निराळाच तमाशा सुरू झाला. दोघं बोलेनात, पण काम तर एकमेकांशिवाय होईना. मग निरोप कुणी न्यायचे? आक्कानं.

"तुझ्या भावाला सांग, कडीसाठी यावेळी भोक मिळणार नाही. काय करायचं ते कर म्हणावं."

ती गल्लीतून दोनशे पावलं जायची.

"तुझ्या नवऱ्याला सांग, त्यांच्या लाकडाचा मला भरवसा नाही. मी वरून खालपर्यंत पट्टी घालतो. बोटभर जाड."

ती दोनशे पावलं परत.

"बोटभर? घालू दे. त्याचं लोखंड कधी दगा देईल सांगता येत नाही. मी लाकूडच मनगटाएवढं ठेवतो."

तिच्या लक्षात येत होतं सगळं. नवरा भावाच्या लोखंडावर अविश्वास ठेवून लाकूड वाढवत होता, भाऊ नवऱ्याच्या लाकडावर अविश्वास ठेवून लोखंड वाढवत होता. आणि दोघांचा अविश्वास तिनं पाडलेल्या दोन खाचांतून आलेला. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. रोज दुपारी दोघांतला एक तरी असा काही बोलायचा की ती नुसता निरोप उचलून चालू लागायची. तिथून ती लोटाभर गरम दूध घेऊन शिट्टीच्या घरी जायची. शिट्टी खाटेवर आडवा, पायाला दोन्हीकडून फळ्या बांधलेल्या. "कशाला रोज त्रास घेता, आक्का?" असं तो म्हणायचा, आणि तिला ते दूध आपल्याच तोंडावर फेकल्यासारखं वाटायचं. मागच्या गोठ्यात घोडी खुरानं जमीन उकरत असायची. तिचे पाय उभ्याउभ्या सुजायला लागले होते.

जोडी तयार झाली ती बाराव्या दिवशी. भात्यावरून घरी आणायचं काम अर्थातच आक्काचं. खांद्यावर घेतली आणि तिची मान वाकडी झाली. निम्म्या वाटेत तिनं ती दुसऱ्या खांद्यावर घेतली, मग डोक्यावर, मग परत खांद्यावर. पाणवठ्यावरच्या बाया हसल्या. "आक्का, तुम्हालाच जुंपलंय का काय?" घरी येऊन पदर सारून बघितलं तर हाडावर लालभडक वळ उठलेला.

"जड झालीय हो फार," ती नवऱ्याला म्हणाली.

"घोडीच्या गळ्यात घालायचीय. तुझ्या नाही."

तेराव्या दिवशी चढाच्या पायथ्याशी माणसं जमली. वखारवाला हाताची घडी घालून उभा. भाऊ एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला. घोडीच्या गळ्यात जोडी चढवली, ओंडका साखळीला लावला, आणि सुतारानं लगाम धरून ओढलं. घोडी निघाली. दहा पावलं, पंधरा, वीस. साखळी ताणली, कमानी हूं की चूं करीनात. सुताराच्या तोंडावर जरा रंग आला.

आणि घोडी थांबली. पुढचे पाय रोवून, मान खाली घालून, थरथरत उभी. सुतारानं ओढलं, लोहारानं मागून हुर्र केलं, वखारवाल्यानं शिव्या घातल्या. जागची हलेना.

"शिट्टी नाही ना, म्हणून हटून बसलीय," कुणीतरी म्हणालं.

आक्का पुढं गेली. गादी वरच्या अंगानं दोन बोटं उचलून तिनं आत बघितलं. मानेवरची कातडी सोलवटून निघाली होती, केसांत रक्त आणि घाम एक झालेला. तिचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडं गेला. बरोबर त्याच जागी.

"हटून नाही बसली," ती म्हणाली. "सोलून निघालीय. काढा ते आधी!"

वखारवाला म्हणाला, "न मोडणारी जोडी मागितली होती, घोडी मोडणारी नाही. दोन दिवस राहिलेत." आणि खाली उतरून गेला.

त्या दुपारी ती पिठाच्या डब्यामागचं टोक पदरात बांधून निघाली. नवऱ्याला म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

"कुठं?"

"भात्यावर."

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही."

"ठेवा. आज ठेवाच. नाहीतर मी एकटी जाते, आणि मग जे सांगायचंय ते तुम्ही शेवटी ऐकाल."

तिचा आवाज कसा निघाला कुणास ठाऊक, पण तो उठला.

भाऊ ऐरणीपाशी बसला होता, घण बाजूला आडवा. दाजींना बघून त्यानं तोंड फिरवलं. आक्कानं ते बोटभर लाकूड ऐरणीवर ठेवलं.

"डाव्या कमानीचं टोक आहे," ती म्हणाली. "एक खाच ह्यांची. दोन माझ्या. एका ऋतूचं लाकूड मी चुलीमागं वाळवलं. अकरा दिवस. ह्यांना ताप होता, वखारवाला दारात ओरडत होता. लाकूडही वाईट नव्हतं आणि लोखंडही. मी वाईट केलं."

भात्यातला विस्तव फुसफुसत होता. सुतारानं टोक उचललं, उजेडाकडं धरलं, नखानं दोन पांढऱ्या खाचा खरवडल्या. 

"भाजीची सुरी," एवढंच म्हणाला.

"हो."

"शिट्टीचा पाय, अगं." त्यानं टोक परत ऐरणीवर ठेवलं.

"ठाऊक आहे मला! माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" ती ओरडलीच. मग तिला रडू फुटलं. कुणी तिला गप्प केलं नाही.

शेवटी भाऊ खाकरला. "दाजी, सळई मी घातली होती. गिरमिट बोथट होतं. खोटं कशाला बोलू?"

सुतारानं मान हलवली. आता त्यानंही एक गोष्ट सांगायची होती. लाकूड हातात आलं की तो दर वेळी लाकडी हातोडीनं ठोकून कानाला लावायचा. आत तडा असेल तर आवाज बसका येतो. त्या दिवशी तापानं त्याचे कान वाजत होते आणि त्यानं ठोकलंच नव्हतं. आक्कानं दारातून बघितलं होतं. तिनं वाट बघितली. तो काही बोलला नाही. तिनंही बोलायचं टाळलं. वीस वर्षांच्या संसारात एवढं झाकायला तिला जमत होतं.

"लाकूड खरं असेल," सुतार ऐरणीकडं बघत म्हणाला, "तर अंगठ्याएवढं पुरे."

"आणि भोकच नसेल तर मला पट्टी जाड कशाला हवी?" भाऊ म्हणाला. "पट्टीतूनच कडी ओढून काढतो. एकसंध. पण ती लाकडाला धरायची कशी, दाजी? रिबिटाचा खिळा मारला तर परत भोक आलं."

सुतारानं डोकं खाजवलं. "चाकाला लोखंडी धाव कशी बसवतोस?"

भावानं मांडीवर थाप मारली. "तापवून! वरून एक कडं, खालून एक कडं, लाल करून चढवायची, वर पाणी. निवताना अशी आवळतील की बापजन्मात सुटायची नाहीत."

"आणि मी पट्टीपुरती खोबण काढतो. लोखंड लाकडात बसेल. गादीला नुसतं लाकूड लागेल."

दोघं असे बोलायला लागले की जणू मधले तेरा दिवस झालेच नव्हते. आक्का कोपऱ्यात डोळे पुसत उभी. तिला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. आता निरोप न्यायला तिची गरज उरली नव्हती.

दोन दिवस भाता निवला नाही. माळ्याच्या पार आत, वाशाआड राखून ठेवलेल्या आणि आक्काला तेव्हा न दिसलेल्या तीन खाचांच्या तुकड्यांतून सुतारानं जोडी निवडली, एकेक तुकडा ठोकून, कानाला लावून, डोळे मिटून. वाकसानं रूप दिलं, पटाशीनं खोबण काढली. कडं लाल झालं की भाऊ सांडशीनं धरून चढवायचा, सुतार लाकूड दाबून धरायचा, आणि आक्का तांब्यानं पाणी ओतायची. जरा उशीर झाला तर लाकूड करपणार, जरा लवकर झालं तर कडं ढिलं राहणार. वाफेनं तिची मनगटं भाजली. तिनं तांब्या सोडला नाही.

जोडी झाली तेव्हा भावानं आणखी एक वस्तू पुढं केली. बोटाएवढी लोखंडी दांडी, टोकाला नक्षी कोरलेली. "हा बघा शिक्का, दाजी. लाकडाला ऋतूची खाच नको, तापवून हा मारायचा. माझ्याकडंच ठेवतो."

"बरं झालं," सुतार म्हणाला. "सुरीनं कुणालाही पाडता येत होती." तो आक्काकडं बघून बोलला नाही. तिला ते बसायचं तिथं बसलंच. तिनं जोडी उचलली. एका हातानं उचलली गेली.

चढावर जायच्या आधी एक घर उरलं होतं. त्या सकाळी ती शिट्टीकडं दूध न घेता गेली. खाटेशी उभी राहिली आणि ऐरणीपाशी सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्याची आई दारात हबकून उभी. शिट्टी आढ्याकडं बघत ऐकत होता.

"आणि रोज दूध आणत होता," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं, किती चांगली बाई."

तिनं हात जोडले. 

"हात जोडू नका. मला नको ते," तो म्हणाला. "माझा पाय तीन महिन्यांनी जुळेल नाहीतर वाकडा राहील. पण घोडी का उभी? दाव्याला बांधून तिचे पाय गेले तर मी उठून करू काय? तुमची जोडी चांगली झालीय म्हणता ना? मग तुम्ही चालवा तिला. सुतारानं नाही, लोहारानं नाही. तुम्ही. मी उठेपर्यंत रोज."

"माझं कुठं ऐकेल ती?"

"शीळ घाला."

"अरे, मला येत नाही! बाईमाणूस मी, या वयात..."

"मग शिका," शिट्टी म्हणाला आणि त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

चढाच्या पायथ्याशी परत तीच माणसं. जोडी चढवली. घोडीनं मान झटकली, वर-खाली केली, वजन शोधल्यासारखी. जखमेवर आक्कानं मऊ फडक्याची घडी घातली होती, कमानी त्या घडीच्या खालच्या अंगाला बसत होत्या. लगाम आक्कानं धरला तेव्हा वखारवाल्याच्या भुवया वर गेल्या.

"वरच्या अंगानं चाल," नवरा तिच्या कानाशी म्हणाला. "खालच्या बाजूला नको. शिट्टी तिथंच सापडला होता."

"शिट्टी तिथंच चालायचा, शीळ ती डाव्या कानानं ऐकते," आक्का म्हणाली आणि खालच्या अंगाला जाऊन उभी राहिली.

तिनं ओठ आवळले आणि फुंकलं. नुसती हवा. माणसांत खसखस पिकली. परत फुंकलं, परत हवा. "आक्का, विस्तव फुंकताय का?" कुणीतरी ओरडलं. तिचे कान तापले. तोंडाला कोरड पडलेली. तिसऱ्यांदा काहीतरी निघालं, फाटकं, चिरकं, शीळ म्हणायची तर लाज वाटावी असं.

घोडीचा डावा कान वळला. मग पुढचा खूर उचलला गेला.

साखळी ताणली. दहा पावलं, वीस. तिसाव्या पावलाला डाव्या कमानीतून आवाज आला. कर्र...  आक्का थबकली. मागं ओंडका, खाली उतार, आणि ती बरोबर त्याच जागी.

"बसतंय ते कड्यात!" नवरा मागून जिवाच्या आकांतानं ओरडला. "लाकूड बसतंय! मी ठोकलंय ते, मी ऐकलंय! चाल तू, थांबू नकोस!"

तिला मागं बघता येईना. विश्वास ठेवायचा किंवा उडी मारायची, दोनच गोष्टी होत्या. तिनं परत ओठ आवळले. आलं तसं फुंकलं. घोडीनं पाठ ताणली आणि दोघी वर गेल्या.

वखारीत ओंडका सोडल्यावर वखारवाल्यानं कमानीवर बोट फिरवलं, गादी उचलून खालची कातडी बघितली. "राहिलेल्या दहा घ्या करायला," तो म्हणाला. मग आक्काकडं बघून म्हणाला, "आणि फेऱ्या? रानात अजून साठ ओंडके पडलेत."

"आणते," ती म्हणाली.

नवरा तिच्याजवळ आला. तिच्या भाजलेल्या मनगटाकडं बघत उभा राहिला. लगामाची सुटलेली गाठ तेवढी नीट केली. ती घोडीला घेऊन परत रानाच्या वाटेला लागली. वाट शिट्टीच्या घरावरून जात होती. खिडकीशी आल्यावर घोडी थबकली, आत बघायला लागली. आक्कानं फुंकलं. नुसती हवा निघाली. तिनं पुन्हा फुंकलं.

"ओठ ओले करा आधी," आतून आवाज आला. अजून रागातलाच होता.

आक्कानं ओठांवरून जीभ फिरवली.